उपकरण-चालकांतील स्मृतिदोष व त्यांचे निवारण

संगणकाची परिचालन प्रणाली आणि त्याला जोडलेली मुद्रक, कळफलक, कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र इ. उपकरणे यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस उपकरण-चालक किंवा व्यवहारात ड्रायव्हर असे म्हणतात. अशा आज्ञावलीने स्मृतीतील आपल्या वाट्याबाहेरची जागा वापरली किंवा वाट्यास आलेली जागा परत केल्यानंतरही ती वापरली, म्हणजे स्मृतिदोष उद्‌भवतो. स्मृतिदोष कोणत्याही आज्ञावलीत असू शकतो. परंतु चालक परिचालन प्रणालीच्या गाभ्यात सर्वाधिकारांसह काम करीत असल्यामुळे त्यातील एका ओळीची चूक सबंध यंत्र बंद पाडू शकते किंवा ते परक्याच्या ताब्यात देऊ शकते. म्हणून असा दोष शोधणे, तो मुळापासून दुरुस्त करणे आणि ती दुरुस्ती वापरातील शेवटच्या यंत्रापर्यंत पोहोचविणे या तिन्ही गोष्टींचा समावेश निवारणात होतो.

महत्त्व : महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार ओळखक्रमांक वितरित करण्यात आले. आधारच्या नोंदणीत दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. यांपैकी प्रत्येक कृती संगणकाला जोडलेल्या एखाद्या उपकरणाकडून होते व प्रत्येक उपकरणामागे एक चालक असतो. पुढे रास्त भाव दुकानातील धान्य, बँकेच्या प्रतिनिधीकडून मिळणारी रक्कम इ. बाबीही अंगठ्याच्या ठशाशी जोडल्या गेल्या. सातपुड्याच्या डोंगराळ भागात वसलेल्या अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांसारख्या ठिकाणी एक यंत्र बंद पडले, तर लगतचे दुसरे यंत्र गाठण्यासाठी पुष्कळ अंतर तोडावे लागते. ठसा न जुळणे, वीज वा संदेशवहनाची जोडणी नसणे ही यंत्र अडण्याची परिचित कारणे होत. चालकातील दोष हे मात्र न दिसणारे कारण असते. यंत्र हाताळणाऱ्याला तो ओळखता येत नाही आणि रांगेत उभ्या असलेल्याला त्याची कल्पनाही नसते.

चालकाचे स्थान : आधुनिक संगणकात आज्ञावल्यांचे अधिकार दोन स्तरांत विभागलेले असतात. पत्रलेखन, हिशेब इ. कामांच्या सामान्य आज्ञावल्या मर्यादित अधिकारांच्या स्तरावर चालतात. त्यांपैकी एखादीने परक्या स्मृतीला हात घातला, तर परिचालन प्रणाली केवळ तिला थांबविते. इतर कामे चालू राहतात. प्रणालीचा गाभा मात्र सर्वाधिकारांच्या स्तरावर असतो आणि बहुतेक चालक त्याच स्तरावर त्याच्या शेजारी चालतात. तेथे चूक झाल्यास अडविणारा वरचा कोणी नसतो. [⟶ संगणक].

विंडोज व लिनक्स या प्रणालींचे गाभे व त्यांचे बहुसंख्य चालक प्रामुख्याने सी या भाषेत लिहिलेले आहेत. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केलेली ही भाषा यंत्राच्या अगदी जवळची व वेगवान आहे. तीत स्मृतीतील पत्ता साठविणाऱ्या चलाला निर्देशक म्हणतात. निर्देशक दाखवीत असलेली जागा खरोखर आपली आहे काय, ती किती लांब आहे व ती अद्याप आपल्याकडेच आहे काय, याची काळजी सी भाषा घेत नाही. ती पूर्णपणे लिहिणाऱ्यावर सोपविलेली असते.

लिनक्सच्या गाभ्याच्या मूळ संहितेचा निम्म्याहून अधिक भाग चालकांचा असतो. अँडी चाऊ, डॉसन एंग्लर व त्यांचे सहकारी यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चालकांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या उर्वरित भागांच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले. यास कारणेही तशीच आहेत. गाभ्याचा मध्यवर्ती भाग सर्वच यंत्रांवर अहोरात्र चालत असल्याने त्याची कसोटी आपोआप लागते. एखाद्या विशिष्ट उपकरणाचा चालक मात्र ते उपकरण बाळगणाऱ्या थोड्या लोकांकडेच चालतो. तो लिहिणारा बहुधा उपकरणाचा जाणकार असतो, गाभ्याचा नव्हे. शिवाय उपकरण बिघडल्यावर, तार सैल झाल्यावर किंवा मध्येच वीज गेल्यावर चालणाऱ्या ओळींची परीक्षा प्रयोगशाळेत क्वचितच होते. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत लिनक्सच्या चालकांमधील चुकांचे प्रमाण बरेच घटल्याचे दिसून आले. सातत्याने केलेल्या शोधनाचा उपयोग होतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

दोषांचे प्रकार : स्मृतिदोषांचे स्थलविषयक व कालविषयक असे दोन मुख्य प्रकार पडतात.

(१) स्थलविषयक दोष : दिलेल्या जागेची हद्द ओलांडून लिहिणे किंवा वाचणे हा स्थलविषयक दोष होय. उदा., चार बोटांचे ठसे एकदम घेणाऱ्या यंत्राची काच ३·२ इंच रुंद व ३ इंच उंच असून ते दर इंचास ५०० ठिपके टिपते असे मानू. तेव्हा प्रतिमेत १,६०० × १,५०० म्हणजे २४,००,००० ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्यास एक बाइट याप्रमाणे तेवढ्याच बाइट जागा लागते. चालकाने तेवढी जागा राखून ठेवली, परंतु यंत्राने ‘मी २४,००,५१२ बाइट पाठवीत आहे’ असे कळविले व चालकाने ती संख्या न पडताळता सर्व मजकूर उतरवून घेतला, तर शेवटच्या ५१२ बाइट शेजारच्या जागेवर लिहिल्या जातात. तेथे गाभ्याच्या दुसऱ्या एखाद्या कामाची माहिती असते व ती नष्ट होते. यंत्र त्याच क्षणी बंद पडेलच असे नाही. पुष्कळदा ते काही मिनिटांनी, भलत्याच कामाच्या वेळी बंद पडते आणि दोष त्या दुसऱ्याच कामाच्या माथी मारला जातो.

याच प्रकारात अंकगणिती उल्लंघनही येते. जागेचा आकार ३२ अंशांच्या द्विमान संख्येत मोजला जात असेल व सदोष यंत्राने रुंदी आणि उंची प्रत्येकी ६५,५३६ कळविली, तर गुणाकार ४,२९,४९,६७,२९६ इतका येतो. ही संख्या ३२ अंशांत मावत नाही व उरणारी किंमत शून्य असते. परिणामी चालक जवळजवळ काहीच जागा राखून ठेवीत नाही, पण लिहावयास घेतो प्रचंड मजकूर.

(२) कालविषयक दोष : जागा परत केल्यानंतर तिचा वापर करणे, तीच जागा दोनदा परत करणे, किंवा जागेत काही लिहिण्यापूर्वीच ती वाचणे हे कालविषयक दोष होत. ठसा घेतला जात असताना कोणी यंत्राची तार उपसली, तर परिचालन प्रणाली चालकास ‘उपकरण गेले’ असे कळविते. चालक आपली जागा परत करतो. ती जागा लगेच दुसऱ्या एखाद्या कामास दिली जाते. परंतु आधी मागविलेला ठसा अजून वाटेतच असतो. तो येऊन पोहोचला, की जुन्या पत्त्यावर, म्हणजे आता दुसऱ्याच्या झालेल्या जागेत लिहिला जातो. यात सारे काही क्षणाच्या अल्पांशावर अवलंबून असल्याने असा दोष शंभर वेळा तार उपसूनही दिसत नाही व एकशे एकाव्या वेळी दिसतो. न भरलेली जागा वाचून ती वापरकर्त्यास देण्याच्या दोषामुळे यंत्र बंद पडत नाही. मात्र गाभ्यातील जुनी, कदाचित गोपनीय माहिती बाहेर झिरपते.

एक परिचित उदाहरण : स्थलविषयक दोषाचा सर्वांत व्यापक परिणाम १९ जुलै २०२४ रोजी दिसून आला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची संरक्षक आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात चालकाच्या रूपाने बसविलेली असे. ती कोणत्याही प्रत्यक्ष उपकरणाची चालक नव्हती. परंतु तिचे स्थान व अधिकार चालकाचेच होते. भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिच्यासाठी माहितीची एक नवी संचिका पाठविण्यात आली. या संचिकेच्या नमुन्यात २१ मूल्ये अपेक्षित होती, तर प्रत्यक्षात आज्ञावली २० मूल्येच पुरवीत होती. एकविसावे मूल्य वाचण्यासाठी ती हद्दीबाहेर गेली व यंत्रे बंद पडू लागली. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या स्थानी ‘कोणतेही मूल्य चालेल’ असाच निकष असल्यामुळे ती जागा कधी वाचलीच गेली नव्हती. संचिका ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सु. ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. संहितेतील दुरुस्ती मोजणी पडताळण्यापुरतीच होती. परंतु बंद पडलेली यंत्रे दूरवरून दुरुस्त करता येत नसल्याने पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून सदोष संचिका काढून टाकावी लागली.

दोषशोधन : दोष शोधण्याच्या पद्धती दोन आहेत : आज्ञावली न चालविता करावयाचे स्थैतिक विश्लेषण आणि ती चालवून करावयाचे गतिक परीक्षण.

स्थैतिक विश्लेषणात दुसरी एक आज्ञावली मूळ संहिता वाचून तीतील सर्व संभाव्य मार्ग तपासते. टॉमस बॉल व श्रीराम राजमणी यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात विकसित केलेल्या पद्धतीवर विंडोजच्या चालकांची तपासणी करणारे एक साधन आधारलेले होते. चालक गाभ्याशी व्यवहार करताना ठरलेले नियम सर्व मार्गांवर पाळतो की नाही, हे ते पाहत असे. या पद्धतीत क्वचित चालणाऱ्या ओळीही तपासल्या जातात, हा तिचा लाभ. नसलेले दोष दाखविले जाणे ही तिची मर्यादा होय.

गतिक परीक्षणासाठी लिनक्समध्ये २०१५ पासून कासान या नावाची सोय उपलब्ध आहे. तीत स्मृतीच्या प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइटाची छाया-नोंद ठेवून कोणती जागा वापरण्यास मोकळी व कोणती निषिद्ध हे लिहिलेले असते. दिलेल्या प्रत्येक जागेच्या कडेला निषिद्ध पट्टा सोडतात आणि परत आलेली जागा काही काळ कोणालाही न देता बाजूला ठेवतात. त्यामुळे हद्दीबाहेरचा किंवा मुदतीनंतरचा वापर नंतर कधीतरी नव्हे, तर चूक घडते त्याच क्षणी उघडकीस येतो. यासोबत यदृच्छ आदानांनी केलेली चाचणी वापरतात. गूगलमधील संशोधकांनी याच सुमारास तयार केलेले सिझकॉलर हे साधन गाभ्याला लाखो विचित्र मागण्या करून पाहते. आंद्रेई कोनोवालोव यांनी या साधनाच्या मदतीने खोटी यूएसबी उपकरणे जोडल्याचे भासवून लिनक्सच्या चालकांची परीक्षा केली व नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांतील १४ दोष एकाच वेळी जाहीर केले. हेतुपुरस्सर बनविलेले उपकरण केवळ जोडल्यानेही यंत्र धोक्यात येऊ शकते, हे त्यातून पुढे आले.

दुरुस्तीची पद्धत : दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणता येणे. यंत्र बंद पडताना गाभ्याने लिहिलेल्या नोंदीत कोणती आज्ञा चालू होती व तेथवर कोणत्या क्रमाने पोहोचले हे असते. कालविषयक दोषात जागा कोणी घेतली, कोणी परत केली व नंतर कोणी वापरली या तीन नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.

दुसरी पायरी म्हणजे लक्षण व कारण यांत फरक करणे. राखीव जागा वाढविणे, निर्देशक रिकामा असल्यास काम सोडून देणे, थोडा वेळ थांबून पुढे जाणे हे उपाय लक्षण झाकतात. दोष तसाच राहतो. स्थलविषयक दोषात कारण बहुधा बाहेरून आलेल्या संख्येवर ठेवलेला विश्वास हे असते. तिची पडताळणी ती चालकात प्रथम येते तेथेच करावी लागते. उपकरण व संगणक एकच स्मृती वापरीत असतील, तर ती संख्या एकदाच स्वतःच्या जागेत उतरवून घेऊन मगच पडताळतात. अन्यथा पडताळणी व वापर यांच्या दरम्यान उपकरण ती बदलू शकते. गुणाकारासाठी उल्लंघन होताच तसे कळविणारी फलने वापरतात.

कालविषयक दोषात स्वामित्वाचा प्रश्न सोडवावा लागतो : ही जागा कोणाची व ती परत करण्याचा अधिकार कोणाचा? एकाच जागेचे अनेक वापरकर्ते असल्यास संदर्भगणना करतात. प्रत्येक नव्या वापरकर्त्यागणिक गणक एकाने वाढतो, काम संपल्यावर एकाने घटतो व तो शून्यावर आला म्हणजेच जागा परत केली जाते. हा गणक फार वाढून पुन्हा शून्यावर येऊ नये, म्हणून कमाल मूल्याशी थांबणारा त्याचा सुरक्षित प्रकार लिनक्समध्ये २०१७ मध्ये आणला गेला. उपकरण काढले जाताना आधी नव्या मागण्या घेणे बंद करावयाचे, मग वाटेतील मागण्या रद्द करून त्या खरोखर थांबल्याची खात्री करावयाची आणि शेवटी जागा परत करावयाची, हा क्रम मोडता येत नाही. घेतलेल्या जागा उलट क्रमाने आपोआप परत करण्याची सोय लिनक्समध्ये २००७ पासून आहे. तीमुळे विसरलेल्या जागांचे दोष घटले. परंतु उपकरण गेल्यावरही एखाद्या आज्ञावलीने त्याची संचिका उघडी ठेवली असेल, तर तीच सोय मुदतपूर्व परतीस कारणीभूत ठरते. एका प्रकारच्या दोषावरील उपाय दुसऱ्या प्रकारास जन्म देऊ शकतो, तो असा.

शेवटच्या पायरीत तशीच चूक इतर चालकांत शोधतात. नवा चालक बहुधा जुन्या चालकाची प्रत करून लिहिला जात असल्यामुळे दोषाचीही प्रत होते. दुरुस्तीसोबत, दोष कोणत्या बदलामुळे आला हे नोंदविण्याचा लिनक्समधील प्रघात आहे. त्यावरून कोणत्या जुन्या आवृत्त्यांना ती दुरुस्ती हवी, हे ठरविता येते.

प्रतिबंध : दोष एकेक करून दुरुस्त करण्यापेक्षा ते घडूच नयेत, अशी रचना करण्याकडे अलीकडे कल आहे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या रस्ट या भाषेत प्रत्येक जागेला एका वेळी एकच स्वामी असतो. परत केलेल्या जागेचा वापर करणारी आज्ञावली या भाषेचा संकलक मुळात स्वीकारतच नाही. हद्द ओलांडण्याचा प्रयत्न झाल्यास तो चालतेवेळी अडविला जातो. लिनक्सच्या ६·१ या आवृत्तीत (डिसेंबर २०२२) रस्टला प्रवेश मिळाला व ६·८ या आवृत्तीत (मार्च २०२४) तीत लिहिलेला जाळे-जोडणीचा एक लहान चालक समाविष्ट झाला. गूगलने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अँड्रॉइड प्रणालीतील सुरक्षादोषांत स्मृतिदोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २४ टक्क्यांवर आला. नवी संहिता प्रामुख्याने स्मृतिसुरक्षित भाषांत लिहिल्याचा हा परिणाम होय. तथापि उपकरणाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या काही ओळी रस्टमध्येही संकलकाच्या हमीबाहेर राहतात व त्या माणसालाच तपासाव्या लागतात.

दुसरा मार्ग चालकाचे अधिकार कमी करण्याचा आहे. अँड्रू टॅननबाउम यांच्या मिनिक्स ३ (२००५) या प्रणालीत चालक सामान्य आज्ञावलीप्रमाणे गाभ्याबाहेर चालतात. विंडोजमध्येही काही प्रकारच्या उपकरणांसाठी अशी सोय आहे. आधारच्या प्रमाणीकरणासाठी २०१७ पासून आणलेल्या नोंदणीकृत उपकरणांच्या योजनेत, ठशाची माहिती सांकेतिक करण्याचे काम वरच्या दर्जाच्या उपकरणात यंत्राच्या सुरक्षित भागातच होते. यजमान संगणकातील चालक सदोष असला, तरी उघडा ठसा त्याच्या हाती लागत नाही.

भारतातील कार्य : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उदय खेडकर, अमिताभ संन्याल व त्यांचे सहकारी यांनी आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणावर महत्त्वाचे कार्य केले. स्मृतीतील कोणते संदर्भ पुढे वापरले जाणार नाहीत, हे आज्ञावली न चालविता ठरविण्याची त्यांची रीत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये निघाला. पुण्यातील टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) यंत्रांत अंतर्भूत असणाऱ्या नियंत्रक आज्ञावल्यांच्या स्थैतिक विश्लेषणाची साधने तयार झाली. प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेली बॉस ही प्रणाली लिनक्सवर आधारलेली असल्याने तिच्यातील चालकांच्या पुष्कळशा दुरुस्त्या मूळ प्रवाहातूनच येतात.

दुरुस्तीचा प्रसार : दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे दोष संपला असे नाही. मूळ प्रवाहातील दुरुस्ती आधी स्थिर आवृत्त्यांत, मग यंत्र बनविणाऱ्याच्या स्वतःच्या आवृत्तीत व अखेर प्रत्यक्ष यंत्रात उतरावी लागते. लिनक्सच्या गाभ्यातील सुरक्षादोषांना क्रमांक देण्याचे काम फेब्रुवारी २०२४ पासून गाभ्याचे व्यवस्थापकच करतात. त्यामुळे कोणती दुरुस्ती कोठे पोहोचली, हे ताडून पाहणे सोपे झाले आहे. परंतु प्रसिद्ध झालेली दुरुस्ती दोषाची जागाही सर्वांना दाखवून देते. म्हणून जी यंत्रे ती वेळेवर स्वीकारीत नाहीत, त्यांचा धोका दुरुस्तीनंतर कमी न होता वाढतो. संदेशवहनाची जोडणी क्षीण असलेल्या भागांत, बनविणाऱ्याने जुने ठरवून सोडून दिलेल्या यंत्रांत आणि ज्यांच्या आज्ञावलीची देखभाल कोणाकडे हे ठरलेले नाही अशा सार्वजनिक यंत्रांत ही अडचण विशेष असते. यास्तव सार्वजनिक वापरासाठी उपकरणे घेताना किंमत व हमी यांबरोबरच, चालकाच्या दुरुस्त्या किती वर्षे व कोणत्या मार्गाने मिळतील, जोडणी नसलेल्या गावी त्या कोण नेऊन बसवील आणि त्या बसल्याची नोंद कोण ठेवील, हे खरेदीच्या करारातच स्पष्ट असणे आवश्यक ठरते.